दोन औषधं एकत्र चालतील का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बीपीची चिठ्ठी फिजिशियनची, गुडघ्यांची हाडांच्या डॉक्टरांची, सर्दी-तापाची कोपऱ्यावरच्या दवाखान्याची. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असते. घोळ होतो तो सगळ्या गोळ्या एकाच डब्यात आल्यावर, कारण तो डबा पूर्ण कुणीच पाहिलेला नसतो. खालची उत्तरं मोठ्या माणसांसाठी आहेत. मुलांबद्दल वेगळा प्रश्न आहे. गरोदरपण, डायलिसिस, प्रत्यारोपण किंवा केमोथेरपी चालू असेल तर एकही नवी गोळी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

तपासायला सुरुवात कुठून करायची?

घरातली सगळी औषधं एका जागी काढा. इन्सुलिन, इनहेलर, डोळ्यांचे थेंब, कॅल्शियम, काढे, चूर्णं, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आणि "लागली तर असू दे" म्हणून पर्समध्ये ठेवलेली डोकेदुखीची गोळी, हे सगळं त्यात आलं. डॉक्टरांपुढे लोक नेमकं हेच सांगायला विसरतात, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं.

मग प्रत्येक स्ट्रिप उलटी करा. मागच्या बाजूला "प्रत्येक गोळीत" अशा अर्थाच्या ओळीखाली घटकांची नावं आणि मिलिग्रॅम असतात. कागदावर चार रकाने आखा: घटक, मिलिग्रॅम, वेळ, कशासाठी. ब्रँडचं नाव हवं तर बाजूला लिहा, पण ताडून बघायचं ते घटकाशी.

यादी झाली की आधी एकच घटक दोन ठिकाणी आलाय का ते बघा. मग एकाच गटातली दोन औषधं आहेत का ते बघा. इथे नावाची शेपटी उपयोगी पडते. बीपीच्या औषधांत बघा: टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन एका गटाचे, रामिप्रिल, एनालाप्रिल दुसऱ्या, मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल तिसऱ्या. डिक्लोफेनॅक आणि एसिक्लोफेनॅक हे तर सख्खे भाऊ आहेत, दोन्ही मिळून दुखणं दुप्पट कमी होत नाही, पोटाला मात्र दुप्पट त्रास होतो. "सार्टन" आणि "प्रिल" हे गट वेगळे असले तरी काम जवळपास एकच करतात, त्यामुळे तेही सहसा एकत्र देत नाहीत. एवढं झालं की उरलेल्या जोड्या तपासायच्या.

ब्रँडच्या नावावरून कळत नाही का?

नाही, आणि आपल्याकडे तर अजिबातच नाही. टेल्मा म्हणजे फक्त टेल्मिसार्टन. टेल्मा-एएममध्ये त्याच्यासोबत ॲम्लोडिपिन असतं, टेल्मा-एचमध्ये लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. इकोस्प्रिनमध्ये ॲस्पिरिन, तर इकोस्प्रिन-एव्हीमध्ये शिवाय कोलेस्टेरॉलचं ॲटोर्व्हास्टॅटिन. मागचं एक अक्षर सुटलं की पूर्ण औषध सुटतं. "एव्ही" चालू असताना दुसऱ्या डॉक्टरांनी वेगळी स्टॅटिन लिहिली आणि दोन्ही सुरू राहिल्या, असं सहज होऊ शकतं.

मेडिकलमधून कापून दिलेल्या स्ट्रिपवर अनेकदा घटकांचा मजकूर अर्धाच येतो. घेतानाच पूर्ण स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. घरी गोळ्या ज्या टोकाला बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेली असते त्याच्या उलट टोकाकडून काढत जा, म्हणजे तो तपशील शेवटपर्यंत राहतो. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ठरावीक ३०० ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. मोबाइलवर स्कॅन केला की घटकाचं नाव, बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख दिसते. दवाखान्यातून कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळाल्या तर पुडीवर नावं लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे आणि त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

तापाची गोळी चालू आहे. सोबत सर्दीची आणि अंगदुखीची घेतली तर?

तिन्हींत पॅरासिटामॉल असण्याची शक्यता मोठी आहे. हिशेब मांडून बघा. डोलो ६५० दिवसातून ३ वेळा: १९५० मिग्रॅ. झेरोडॉल-पी २ वेळा, प्रत्येकीत ३२५: ६५० मिग्रॅ. सर्दीची एखादी गोळी ३ वेळा, प्रत्येकीत ५००: १५०० मिग्रॅ. बेरीज ४१०० मिग्रॅ. धडधाकट मोठ्या माणसाची २४ तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. वजन ५० किलोपेक्षा कमी, रोजचं मद्यपान, यकृताचा आजार किंवा दोन-तीन दिवस पोटात अन्न नाही, अशा वेळी मर्यादा त्याहून बरीच खाली येते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते.

पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी द्रव्यात बदलतो आणि ग्लुटाथायोन नावाचा साठा ते निकामी करतो. मात्रा वाढली की साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. फसवं हे, की पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही, फार तर मळमळ. कावीळ दिसेपर्यंत दोन-तीन दिवस गेलेले असतात. उतारा म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीन देतात आणि ते ८ तासांच्या आत सुरू झालं तर सर्वात चांगलं काम करतं. म्हणून एकदम जास्त गोळ्या गेल्या असतील तर लक्षणांची वाट न बघता रुग्णालय गाठा.

मुलांना दोन सिरप एकत्र द्यावीत का?

पॅरासिटामॉल मुलाच्या वजनावर ठरतं: एका वेळी किलोमागे १५ मिग्रॅपर्यंत, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, दिवसात ४ डोसांच्या वर नाही. १० किलोच्या बाळाला १५० मिग्रॅ म्हणजे ५ मिलीत १२० मिग्रॅ असलेलं सिरप सुमारे ६ मिली, पण ५ मिलीत २५० मिग्रॅवालं फक्त ३ मिली. थेंबांच्या बाटलीत तर बहुधा १ मिलीतच १०० मिग्रॅ असतात. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला की मात्रा दुप्पट होते. सर्दीच्या सिरपमध्येही पॅरासिटामॉल असू शकतं, ते आधी वाचा. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं ४ वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, अशी सूचना लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे.

बीपीची गोळी चालू आहे. गुडघेदुखीला पेनकिलर घेऊ का?

घराघरांत रोज घडणारी आणि सर्वात कमी तपासली जाणारी जोडी हीच आहे, म्हणून जरा सविस्तर.

मूत्रपिंडातल्या गाळणीला रक्त आणणारी एक बारीक वाहिनी असते आणि नेणारी दुसरी. आयबुप्रोफेन, डिक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, एटोरिकॉक्सिब ही औषधं आणणारी वाहिनी आवळतात. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल नेणारी वाहिनी सैल करतं. लघवीची गोळी अंगातलं पाणीच कमी करते. तिन्ही एकत्र आलं की गाळणीतला दाब घसरतो आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची रक्तातली खूण) चढू लागतं. आता टेल्मा-एच आठवा: तीन बाजूंपैकी दोन त्या एकाच गोळीत आहेत. वर कॉम्बिफ्लाम (त्यात आयबुप्रोफेन असतं) घेतली की तिसरीही पूर्ण. त्यात जुलाब-उलट्या झाल्या किंवा एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी पडलं तर धोका काही दिवसांतच खरा ठरू शकतो. शिवाय या पेनकिलर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, त्यामुळे इतके दिवस ताब्यात असलेला बीपी चढतो आणि डॉक्टर बीपीची गोळी वाढवतात. खरं कारण कपाटात राहतं.

मग दुखण्यावर काय घ्यायचं? आधी पॅरासिटामॉल, मर्यादेत. गुडघ्याला डिक्लोफेनॅकचं जेल दिवसातून ३-४ वेळा. त्यातलं रक्तात फार कमी उतरतं. गोळी घ्यावीच लागली तर डॉक्टरांना बीपीच्या गोळीचं पूर्ण नाव, शेपटीसकट, सांगा. कमीत कमी मात्रा, थोडे दिवस, आणि लांबली तर आठवडा-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियमची तपासणी. लघवी कमी झाली, पाय सुजले किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं तर पेनकिलर थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा.

अजून एक. "सार्टन", "प्रिल" किंवा लघवी वाढवणारं स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर बाजारातलं कमी सोडियमवालं मीठ डॉक्टरांना न विचारता वापरू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि या गोळ्या ते अंगात साठवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर रोजचं शहाळंही याच कारणाने नको. पोटॅशियम फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात.

हृदयासाठी ॲस्पिरिन ७५ आहे. डोकेदुखीला आयबुप्रोफेन चालेल?

एरवी टाळाच. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शिवाय रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटवर ॲस्पिरिनला जिथे चिकटायचं असतं ती जागा आयबुप्रोफेन आधी अडवतं आणि ॲस्पिरिनचं संरक्षण वाया जातं. साध्या ॲस्पिरिनच्या बाबतीत आयबुप्रोफेन त्यानंतर किमान ३० मिनिटांनी किंवा त्याच्या ८ तासांहून आधी घ्यावं, असं सांगतात. पण इकोस्प्रिनसारख्या गोळ्यांवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं, त्यामुळे हे वेळापत्रक त्यांना लावता येत नाही. पॅरासिटामॉल घ्या. शौच डांबरासारखं काळं आणि चिकट झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात.

रक्त पातळ करणारं ॲसिट्रॉम किंवा वॉरफेरिन घेणाऱ्यांनी काय सांभाळायचं?

जवळजवळ सगळंच. मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल, को-ट्रायमोक्साझोल यांनी आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा) वर जातो, टीबीच्या रिफाम्पिसिनने खाली. बहुतेक रुग्णांचं लक्ष्य २ ते ३ असतं. कृत्रिम झडप असेल तर कधी त्याहून थोडं वर. कुठलंही नवं अँटिबायोटिक सुरू झालं की ३ ते ५ दिवसांत आयएनआर करा, आणि ते संपल्यावर पुन्हा एकदा. मेथी, पालक, अळू बंद करायची गरज नाही. फक्त प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवा. पेनकिलर इंजेक्शनही घेऊ नका. अंगावर आपोआप काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त किंवा डोक्याला मार, यांपैकी काहीही झालं तर वाट न बघता रुग्णालय गाठा.

थायरॉईड, कॅल्शियम, लोह: सगळं सकाळी घेतलं तर?

थायरॉईडची गोळी वाया जाते. कॅल्शियम आणि लोह पोटातच तिला बांधून ठेवतात, ती रक्तात पुरेशी जात नाही, टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) चढतो आणि मात्रा वाढवली जाते. चालेल असं एक वेळापत्रक: सकाळी ६ ला थायरॉईडची गोळी, फक्त साध्या पाण्यासोबत. चहा-नाश्ता ७ ला. बीपी-साखरेच्या गोळ्या त्यांच्या ठरल्या वेळी. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. लोहाची गोळी संध्याकाळी ५ च्या सुमारास, चहापासून तासभर दूर. थायरॉईड आणि कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीचं पातळ औषध यांत ४ तास हवेतच.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिक्सचंही तसंच. दुधासोबत, डायजीन-जेल्युसिलसोबत किंवा लोहासोबत घेऊ नका. सिप्रोफ्लॉक्सासिन अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी. "अँटिबायोटिक गरम पडतं" म्हणून वर दूध देण्याची सवय इथे औषधाचा असरच घालवते.

साखरेच्या गोळ्यांसोबत अँटिबायोटिक घेताना?

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर सावध राहा. फ्लुकोनाझोल, को-ट्रायमोक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांच्यासोबत साखर अचानक खाली येऊ शकते. कोर्स चालू असताना जेवण चुकवू नका, उपास तर नकोच, आणि ग्लुकोमीटर असेल तर दिवसातून दोन-तीनदा तपासा. ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे लहान ३ चमचे, पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

इथे दोन बारकावे आहेत. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा ॲकार्बोज असेल तर साधी साखर पचायला वेळ लागतो. अशांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. आणि मेटोप्रोलॉल-ॲटेनोलॉल घेणाऱ्यांना साखर उतरल्यावर थरथर आणि धडधड जाणवेलच असं नाही. घाम मात्र येतो. कारण नसताना कपाळावर गार घाम आला तर मीटर काढा.

कोलेस्टेरॉलची गोळी आणि घशाचं अँटिबायोटिक?

क्लॅरिथ्रोमायसिन यकृतातलं जे विकर (एन्झाइम) अडवतं, त्यानेच ॲटोर्व्हास्टॅटिन आणि सिम्वास्टॅटिन मोडायचं असतं. स्टॅटिन साठत जाते आणि स्नायूंना इजा होते: मांड्या-पोटऱ्यांत दुखणं, जिना चढताना अशक्तपणा, लघवी कोऱ्या चहासारखी. सहसा डॉक्टर कोर्सपुरती स्टॅटिन थांबवतात किंवा ॲझिथ्रोमायसिन देतात, ज्याचा या विकरावर तितका असर नाही. स्वतःहून ठरवू नका, विचारा.

छातीत दुखल्यावर घ्यायला सॉर्बिट्रेट जवळ ठेवणाऱ्याने लैंगिक दुर्बलतेवरचं सिल्डेनाफिल घेतलं तर?

जिवावर बेतू शकतं. दोन्ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात, बीपी कोसळतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास जिभेखाली सॉर्बिट्रेट चालत नाही. या काळात छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा आणि कोणती गोळी किती वाजता घेतली ते स्पष्ट सांगा. लाजेपोटी हे लपवलं तर डॉक्टर नेमकं तेच औषध देतील.

झोपेची गोळी, खोकल्याचं औषध आणि दारू?

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम, प्रेगाबालिन, ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध: यांपैकी दोन एकत्र आली किंवा एकाच्या जोडीला दारू आली की श्वास मंदावतो. हलवूनही माणूस नीट जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल तर त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. "झोपू दे" म्हणून सोडू नका. नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन घेणाऱ्यांनी ट्रॅमाडॉल, लिनेझोलिड आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं कोरड्या खोकल्याचं औषध विचारल्याशिवाय घेऊ नये; थरथर, घाम, बेचैनी, ताप ही धोक्याची खूण. लिथियम चालू असेल तर आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर अजिबात नकोत, रक्तातलं लिथियम वाढतं.

टीबीचे उपचार चालू आहेत. बाकीची औषधं तशीच ठेवायची?

टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन यकृताला इतर औषधं भराभर मोडायला लावतं. हा परिणाम एक-दोन आठवड्यांत पूर्ण चढतो. माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांवर आणि ७२ तासांच्या गोळीवर भरवसा ठेवता येत नाही. कोर्सभर आणि नंतर ४ आठवडे तांबीसारखा किंवा निरोधचा मार्ग वापरा. साखरेची, बीपीची, रक्त पातळ करणारी औषधंही कमी पडू लागतात. टीबीचे डॉक्टर आणि मूळ डॉक्टर, दोघांनाही कळवा. आणि सहज निसटणारी गोष्ट: कोर्स संपला की दोनेक आठवड्यांत हा परिणाम ओसरतो. मधल्या काळात वाढवलेल्या मात्रा तेव्हा कमी कराव्या लागतात, नाहीतर साखर खूप उतरेल किंवा रक्तस्राव होईल.

आयुर्वेदिक किंवा घरगुती औषधांचा त्रास होत नाही ना?

होऊ शकतो. खोकल्यासाठी रोज घेतलेलं ज्येष्ठमध पोटॅशियम उतरवतं आणि बीपी चढवतं. लघवीची गोळी किंवा हृदयाचं डिगॉक्सिन चालू असेल तर हृदयाच्या ठोक्यांना धोका. कारल्याचा रस, मेथीदाण्याची पूड साखरेच्या गोळ्यांचा परिणाम वाढवू शकते. अश्वगंधा थायरॉईड आणि झोपेच्या औषधांसोबत विचारून घ्या. भाजीतली हळद ठीक आहे, पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत नकोत. इसबगोल इतर औषधांपासून २ तास दूर ठेवा.

डोळ्यांचे थेंबही मोजायचे?

हो. काचबिंदूसाठी दिलेलं टिमोलॉल नाकाकडच्या नळीतून रक्तात उतरतं. दमा असेल तर धाप लागते, मेटोप्रोलॉल चालू असेल तर नाडी फार मंद होते. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने २ मिनिटं दाबून ठेवा. डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा आणि बीपीच्या गोळीबद्दल आवर्जून सांगा.

इंटरनेटवर दोन औषधांची नावं टाकून कळतं का?

बऱ्यापैकी, पण घटकाचं नाव टाकलं तरच. आपल्याकडचे ब्रँड परदेशी साधनांत सापडत नाहीत, किंवा त्याच नावाने वेगळंच औषध निघतं. अमेरिकेत एसिक्लोफेनॅक, नायमेसुलाइड, एटोरिकॉक्सिब, ॲसिट्रॉममधलं ॲसेनोकुमरॉल विकलं जात नाही, त्यामुळे तिथल्या साधनांत त्यांची माहिती अपुरी असू शकते. "काही आढळलं नाही" याचा अर्थ "चालतं" असा घेऊ नका.

उलटही होतं. पाच-सहा औषधं टाकली की दहा इशारे येतात आणि माणूस घाबरून गोळ्याच बंद करतो. त्या साधनाला तुमचं वय, मात्रा, क्रिएटिनिन काहीच माहीत नसतं. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलवर इशारा येतो, पण हृदयात स्टेंट टाकल्यावर तीच जोडी मुद्दाम दिलेली असते. "गंभीर" लिहिलेले इशारे यादीत खूण करून डॉक्टरांपुढे ठेवा.

मेडिकलमध्ये काय विचारायचं?

"हे चालेल ना?" असं विचारलं की "हो" एवढंच उत्तर मिळतं. यादी दाखवून विचारा: "हे चालू आहे, यात हे नवं घालायचंय. यातला कुठला घटक आधीच आहे का? किती तासांचं अंतर ठेवू? कोणतं लक्षण दिसलं तर थांबवू?" दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असणं कायद्याने आवश्यक आहे, काउंटरवरच्या मुलाऐवजी त्यांच्याशीच बोलायचंय असं सांगा. शक्यतो सगळी औषधं एकाच दुकानातून घ्या.

दोन्ही गोळ्या आधीच घेतल्या असतील तर?

उलटी काढू नका. काय, किती, किती वाजता हे लिहा आणि डॉक्टरांना फोन करा. चक्कर, धाप, छातीत दुखणं, ओठ-चेहऱ्याला सूज, रक्त पडणं, फिट किंवा गुंगी असेल तर १०८, आणि सगळ्या स्ट्रिप्स सोबत घ्या. त्रास नसेल तर पुढचा डोस विचारल्याशिवाय घेऊ नका. मात्र बीपीची, फिटची, हृदयाची किंवा स्टिरॉइडची जुनी गोळी घाबरून एकदम बंद करू नका. काहींच्या बाबतीत ते मूळ जोडीपेक्षा घातक ठरतं.

झालेल्या त्रासाची नोंद कुठे करायची?

भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी. रुग्ण किंवा घरचे थेट कळवू शकतात. रुग्णाची आद्याक्षरं आणि वय, औषधांची नावं व बॅच नंबर, त्रास काय आणि कधी सुरू झाला, आणि कळवणाऱ्याचं नाव एवढं हाताशी ठेवा. बॅच नंबरसाठी स्ट्रिपचं ते टोक जपून ठेवलेलं असलं पाहिजे.